सामान सांभाळायला कोणी मागे राहू नये

उपग्रहाच्या मदतीने डबी शोधण्याचा खेळ सर्वांना कसा खेळता येईल?

सहल निघाली की प्रत्येक कुटुंबात एक माणूस ठरलेला असतो. तो म्हणजे सामान सांभाळणारा. बाकीची मंडळी टेकडी चढून जातात, लेणी पाहून येतात, धबधब्यात भिजून येतात; आणि हा माणूस झाडाखाली सतरंजीवर पिशव्या, जेवणाचे डबे आणि चपला राखत बसतो. त्याला कोणी विचारत नाही आणि तोही काही बोलत नाही. आमच्या घरात हे काम माझ्या धाकट्या बहिणीकडे होते. लहानपणी पोलिओने तिचा उजवा पाय गेला. कॅलिपर आणि कुबडी यांच्या आधाराने ती शाळा शिकली, संसार केला, मुलगा वाढवला. परंतु सहलीतली तिची जागा सतरंजीवरच राहिली.

गेल्या वर्षी तिचाच मुलगा कॉलेजातून एका खेळाची माहिती घेऊन आला. मोबाईलवर जागेचे आकडे पाहायचे, त्या जागी जायचे, कोणीतरी लपवून ठेवलेली डबी शोधायची, आतल्या वहीत आपले नाव लिहायचे आणि डबी होती तशी ठेवून परत यायचे. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. जिओ म्हणजे पृथ्वी आणि कॅश म्हणजे लपवलेला साठा. मी कारकुनी करणारा माणूस, त्यामुळे कॅश म्हटल्यावर मला प्रथम रोकडच आठवली! पण या खेळात रोकडीचा काही संबंध नाही. या लेखात आपण त्या साठ्याला साधे डबीच म्हणू.

हा खेळ मला आवडला. परंतु तो खेळताना एक गोष्ट ध्यानात आली, ती आपल्या वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेख. गोष्ट अशी की, अपंग माणसाला खेळाबाहेर ठेवण्याचे काम पुष्कळदा त्याचा पाय किंवा डोळा करीत नाही. ते काम अपुरी किंवा खोटी माहिती करते.

खेळ सुरू कसा झाला?

आकाशात फिरणाऱ्या उपग्रहांवरून आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत हे सांगणारी जीपीएस ही व्यवस्था अमेरिकेच्या लष्कराची. सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत तेथील सरकार मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसे. १ मे २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी ही मुद्दाम ठेवलेली चूक बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्याच मध्यरात्री सामान्य माणसाच्या हातातले यंत्र अचूक झाले.

त्यानंतर लगेच, ३ मे २००० रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात पुस्तके, चित्रफिती, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा असे सामान होते. त्यांनी जागेचे आकडे संगणकावरून प्रसिद्ध केले: उत्तर अक्षांश ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम रेखांश १२२ अंश २४.८०० मिनिटे. नियम एवढाच की, काही घ्या आणि काही ठेवा. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती बादली शोधून काढली. त्यांतील पहिले माइक टीग. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी जिओकॅशिंग हे नाव सुचवले आणि २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यांनी या खेळाचे संकेतस्थळ सुरू केले. आज जगभर तीस लाखांहून अधिक डब्या लपवलेल्या आहेत. मुंबई-पुण्याकडेही काही आहेत. मात्र पहिल्या बादलीसारखे जमिनीत पुरून ठेवणे आता नियमात बसत नाही.

डबी म्हणजे काय, तर कधी दारूगोळ्याची जुनी लोखंडी पेटी, कधी स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा, कधी जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची छोटी डबी, तर कधी बोटाच्या पेराएवढी चुंबकाची नळी. सर्वांत लहान डबीतसुद्धा कागदाची एक गुंडाळी असतेच. त्या कागदावर नाव पडले की शोध पुरा झाला.

दोन आकड्यांची गोष्ट

प्रत्येक डबीच्या माहितीत दोन आकडे दिलेले असतात. दोन्ही १ पासून ५ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्याने वाढणारे. पहिला आकडा डबी शोधायला किती डोके लढवावे लागेल ते सांगतो. त्याला आपण डोक्याचा आकडा म्हणू. दुसरा तेथवर पोचण्याची वाट किती अवघड आहे ते सांगतो. तो वाटेचा आकडा.

वाटेचा आकडा १ असेल तर त्याचा अर्थ ठरलेला आहे. ती डबी व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाला मिळाली पाहिजे. वाट बहुधा फरसबंद किंवा डांबरी, जवळजवळ सपाट आणि अर्ध्या मैलापेक्षा, म्हणजे सुमारे आठशे मीटरपेक्षा कमी असावी. वाटेत एखादी पायरी किंवा खडबडीत भाग आला, तर वाट कितीही सोपी वाटली तरी आकडा दीड लिहायचा. २ म्हणजे लहान मुलांना झेपेल अशी पायवाट. ३ म्हणजे धडधाकट मोठ्या माणसांना जमेल अशी. ४ म्हणजे सराव असलेल्यांनीच जावे. आणि ५ म्हणजे होडी, दोरखंड किंवा पाण्याखाली जाण्याची साधने लागतील. २००८ साली रिचर्ड गॅरियट यांनी आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात एक डबी ठेवली. तिच्या वाटेचा आकडा ५ आहे, हे सांगायला नकोच.

आता या दोन आकड्यांतले मर्म पाहा. ते एकमेकांवर अवलंबून नाहीत. वाटेचा आकडा १ आणि डोक्याचा आकडा ५ अशी डबी असू शकते. म्हणजे वाट सपाट, पण डबी कोठे आहे हे कळण्यासाठी चार रात्री डोके खाजवावे लागेल! व्हीलचेअरवरच्या माणसाला सोपे कोडे आवडते असे कोणी ठरवले? त्याला पायऱ्या नको असतात. आव्हान त्यालाही हवेच असते. अपंगांसाठी म्हणून काही करायचे झाले की आपण ते लहान मुलांसाठी केल्यासारखे करतो, ही आपली जुनी खोड आहे. हे दोन आकडे वेगळे ठेवणाऱ्यांनी ती खोड निदान कागदावर तरी मोडून काढली आहे.

या आकड्यांखेरीज माहितीत लहान लहान चित्रखुणाही देता येतात. व्हीलचेअर जाईल, बाबागाडी जाईल, गाडी जवळ उभी करता येईल, पिण्याचे पाणी जवळ आहे, स्वच्छतागृह जवळ आहे, एका तासाच्या आत होईल, अशा अर्थाच्या त्या असतात. धडधाकट माणूस या चित्रांकडे पाहतही नाही. पण साठीच्या आजीला, गरोदर बाईला, मधुमेहाच्या रुग्णाला घराबाहेर पडावे की नाही हे त्या चित्रावरून ठरवता येते.

एक खोटा आकडा

आता आमच्यावर आलेला प्रसंग सांगतो. भाच्याने एका बागेतली डबी निवडली. वाटेचा आकडा १ होता. बहीण आनंदाने तयार झाली. दोन बस बदलून आम्ही बागेपाशी पोचलो. पाहतो तो बागेच्या दाराशी गुरे आणि मोटारसायकली आत जाऊ नयेत म्हणून लोखंडी गज रोवलेले. माणूस अंग चोरून जाईल एवढीच फट. व्हीलचेअर तर तेथेच अडली असती. बहिणीने कुबडी आधी आत सरकवली आणि मग ती आत आली. पुढे तीन पायऱ्या, त्यांना कठडा नाही. त्या पार केल्यावर मोबाईलचा बाण एका कुंपणामागच्या ओबडधोबड उतारावर नेऊ लागला. डबी कुंपणाच्या खांबावर, माझ्याही डोक्यापेक्षा उंच लटकावलेली होती.

बहीण पायऱ्यांजवळच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही या जाऊन. मी सामान सांभाळते."

चाळीस वर्षे जे वाक्य ऐकत आलो तेच वाक्य! भाच्याचा चेहरा उतरला. डबी मिळाली, तिचे नावही त्याने वहीत लिहिले, पण परतताना बसमध्ये कोणी फारसे बोलले नाही.

ज्याने ती डबी लपवली त्याच्या मनात वाईट काही नसणार. त्याने बागेत सहज चालत जाऊन डबी टांगली, त्याला ते सोपे वाटले आणि सोपे म्हणून त्याने १ लिहिला. आमच्या कचेरीत एखाद्या रजिस्टरात चुकीची नोंद झाली तर ती पुढच्या दहा कागदांवर उतरते आणि दहा माणसांना हेलपाटे पडतात. लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. या आकड्याचेही तसेच आहे. वाट अवघड असेल तर असू द्या, तशी नोंद करा. ३ लिहिलेले असते तर आम्ही दुसरी डबी निवडली असती. अवघड वाटेने बहिणीला दुखावले नाही. सोपी म्हणून सांगितलेल्या वाटेने दुखावले.

सोपे सर्वांना सारखे नसते

अपंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. पण गरजा निरनिराळ्या आहेत आणि कधी कधी उलट-सुलटही आहेत.

व्हीलचेअर वापरणारा सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर सहज जाईल, पण एका पायरीपाशी अडेल. कुबडी वापरणारी माझी बहीण दोन पायऱ्या चढेल, पण दोन किलोमीटर चालणे तिला जमणार नाही. तिला मध्ये बसायला बाक हवा. दृष्टिहीन माणसाला अंतराची अडचण नसते. त्याला भीती असते ती डोक्याच्या उंचीवर आलेल्या फांदीची आणि उघड्या गटाराची. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला चढ किती आहे ते आधी कळावे लागते. संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसाला वाट सोपी असते, परंतु डबीचे घट्ट झाकण उघडत नाही आणि रिळाच्या डबीतली कागदाची गुंडाळी चिमट्याशिवाय बाहेर निघत नाही. मूकबधिर माणसाला हा खेळ तसा फार सोयीचा, कारण यात ऐकण्याचे काम सहसा नसते. पण एखाद्याने आवाजावर आधारलेले कोडे घातले तर त्याच्यासाठी लेखी पर्याय ठेवला पाहिजे. लाल-हिरवा रंग ओळखू न येणाऱ्याला रंगांवरचे कोडे सुटणार नाही. समजायला वेळ लागणाऱ्या मुलाला लांबलचक वर्णनापेक्षा दोन छोटी वाक्ये आणि एक छायाचित्र पुरते.

आणखी एक बाब यंत्राची. एका मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर. आकडे एवढे बारीक असले तरी मोबाईल मोकळ्या आकाशाखालीही साधारण पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. उंच इमारती आणि दाट झाडी असली तर त्याहूनही जास्त. धडधाकट माणूस मग झुडपात शिरून, वाकून, दगड हलवून दहा पावलांच्या घेरात हुडकत राहतो. व्हीलचेअरवरच्या किंवा काठी घेतलेल्या माणसाला तसे हुडकता येत नाही. त्याच्यासाठी सूचना नेमकी असावी लागते.

अशी सूचना डबीच्या माहितीत देण्याची सोय आहे. वाचणाऱ्याची मजा जाऊ नये म्हणून ती उलटसुलट अक्षरांत लिहितात. इंग्रजी वर्णमालेतले प्रत्येक अक्षर तेरा घरे पुढे सरकवायचे, म्हणजे ए च्या जागी एन आणि बी च्या जागी ओ. अक्षरे सव्वीस असल्यामुळे पुन्हा तेरा घरे सरकवली की मूळ शब्द मिळतो. ज्याला हवी त्याने उलगडावी, ज्याला नको त्याने सोडावी. कोणाचीच गंमत कमी होत नाही.

लपवणाऱ्याने काय करावे?

अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० साली झाला. त्याखाली इमारतींसाठी जी मापे ठरली ती या खेळालाही उपयोगी आहेत. बसलेल्या माणसाचा हात पोचावा म्हणून वस्तू जमिनीपासून १५ इंचांच्या खाली आणि ४८ इंचांच्या वर नसावी. मध्ये कुंडी, गटार किंवा झुडूप आले की हात आणखी कमी पोचतो, हेही लक्षात घ्यावे. वाटेची रुंदी निदान ३६ इंच असावी. खुर्ची वळवायला पाच फुटांची मोकळी जागा लागते. आणि रॅम्पचा चढ एकास बारा यापेक्षा जास्त नसावा. म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीसाठी सहा फूट लांबीचा रॅम्प लागतो. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी पायरीवर फळी टाकून त्याला रॅम्प म्हणतात. त्यावरून खुर्ची चढवणे म्हणजे दोन माणसांची कसरत असते.

पण मापांपेक्षाही एक साधी परीक्षा आहे. डबी ठेवण्यापूर्वी घरातली खुर्ची घेऊन तेथे जावे, तिच्यावर बसावे आणि न उठता पाहावे. हात पोचतो का? डबी बाहेर काढता येते का? झाकण उघडते का? नाव लिहून डबी परत जागेवर ठेवता येते का? चारही उत्तरे होय आली आणि वाटेत एकही पायरी नसली, तरच १ लिहावा. त्याहून उत्तम म्हणजे व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्या ओळखीच्या व्यक्तीलाच सोबत न्यावे आणि तिला विचारावे. आपण तिच्या वतीने अंदाज बांधत बसू नये.

वर्णनात या गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: बसथांब्यापासून किंवा गाडी उभी करण्याच्या जागेपासून अंतर किती, जमीन कशी आहे (फरशी, माती, वाळू की खडी), पायऱ्या किती, दाराला गज आहेत का, पावसाळ्यात चिखल होतो का, बसायला जागा कोठे आहे. एवढ्याला पाच ओळी लागतात. त्या पाच ओळींवर एखाद्याचा रविवार अवलंबून असतो.

डबी निवडताना हात चालत नसलेल्यांचाही विचार व्हावा. शक्य असेल तेथे मोठ्या तोंडाचा, सैल पण पाणी न शिरणारा डबा घ्यावा आणि गुंडाळीऐवजी छोटी वही ठेवावी. दृष्टिहीनांसाठी हाताला ओळखू येईल अशी खूण जवळ असावी, जसे एखादा कोरीव दगड, लोखंडी कठड्याचे टोक किंवा कारंज्याचा आवाज. आता मोबाईल पडद्यावरची अक्षरे वाचूनही दाखवतो, त्यामुळे वर्णन चित्रात न देता अक्षरांत दिले तर तेही त्यांना ऐकता येते.

डबीला हात लावावाच लागत नाही असा या खेळाचा एक प्रकार २००४ पासून आहे. त्याला अर्थकॅश म्हणतात आणि अमेरिकेतील भूशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या सहकार्याने तो सुरू झाला. त्यात डबी नसतेच. खडक, नदीचे वळण, ज्वालामुखीचा थर असे काही पाहायचे आणि त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची. रस्त्याच्या कडेवरून दिसेल असे ठिकाण निवडले तर हा प्रकार पुष्कळांना जमतो, आणि मुलांचा भूगोलही पक्का होतो.

जागा कशी निवडावी याचे एक चांगले उदाहरण सिअॅटल शहरात आहे. या खेळाची कंपनी तेथेच आहे. त्या शहरात बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर १९७८ साली बर्क-गिल्मन नावाचा पायी आणि सायकलने जाण्याचा रस्ता खुला झाला. आगगाडीला मोठा चढ चढता येत नाही, म्हणून रेल्वेमार्ग मुळातच मंद चढाचे बांधतात. रूळ निघाले की उरते ती लांब, सपाट, रुंद वाट. अमेरिकेत असे अनेक रस्ते झाले आहेत. दोन डब्यांमध्ये निदान १६१ मीटर अंतर हवे असा खेळाचा नियम आहे. तेवढ्या अंतराने अशा वाटेवर डब्या ठेवल्या तर व्हीलचेअरवरच्या माणसाला एका सकाळी सातआठ शोध लावता येतात, आणि जेथे दमला तेथून परत फिरता येते. कोणाला सोबत ओढावे लागत नाही, कोणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत.

शोधणाऱ्याचेही कर्तव्य आहे

डबी सापडल्यावर प्रत्येकजण संकेतस्थळावर दोन ओळी लिहितो. बहुतेक लोक "मजा आली" एवढेच लिहितात. त्याऐवजी "दाराचे गज नवीन बसवले आहेत, खुर्ची जाणार नाही" किंवा "रॅम्पजवळची फरशी उखडली आहे" असे लिहिले तर पुढच्या माणसाचा हेलपाटा वाचतो. वाट बदलत असते. जी नोंद गेल्या वर्षी खरी होती ती या वर्षी खरी असेलच असे नाही.

बरोबर खेळताना कामाची वाटणीही विचारपूर्वक व्हावी. एकाने कोडे सोडवावे, एकाने बाण पाहून दिशा सांगावी, एकाने हात घालावा. हात पोचत नसेल तर लांब दांड्याचा चिमटा किंवा काठीला बांधलेले चुंबक वापरावे. ते वापरण्यात कमीपणा नाही, धडधाकट खेळाडूही वापरतात. फक्त "तू इथे बस, आम्ही आणून दाखवतो" असे म्हणू नये. वस्तू आणून दाखवणे निराळे आणि शोधणे निराळे.

आपल्याकडे

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंगांच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि भारताने २००७ साली तो मान्य केला. त्या कराराच्या ३० व्या कलमात करमणूक, फुरसत आणि खेळ यांत भाग घेण्याचा हक्क सांगितला आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातही २९ वे कलम संस्कृती व करमणुकीबद्दल आणि ३० वे कलम क्रीडेबद्दल आहे. म्हणजे करमणूक ही कोणाच्या मर्जीची बाब राहिलेली नाही. सवलतीचे फॉर्म भरून देताना मी पाहतो की, लोक प्रमाणपत्र, पेन्शन, बसचा पास यांची चौकशी करतात आणि ते योग्यच आहे. पण बागेच्या दाराशी खुर्ची अडते म्हणून अर्ज घेऊन कोणी येत नाही. सार्वजनिक जागा सर्वांची असते, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवायला नको. तेव्हा असा अर्जही आपण केला पाहिजे.

एक सावधगिरी मात्र जरूर बाळगावी. आपल्या शहरांत बेवारस वस्तूला हात लावू नका अशी सूचना आपण रोज ऐकतो, आणि ती रास्त आहे. रेल्वे स्थानक, रेल्वेमार्ग, शाळा, पोलीस ठाणे, लष्करी हद्द यांच्या आसपास डबी ठेवू नये. ज्याची जागा त्याची परवानगी घ्यावी, डबा शक्यतो पारदर्शक असावा आणि त्यावर खेळाचे नाव ठळक लिहावे. खाण्याचे पदार्थ आत ठेवू नयेत. खेळाचे साधे सभासदत्व विनामूल्य आहे. काही जादा सोयींना तेवढे पैसे पडतात.

मोबाईल नसेल तरी अडत नाही. उपग्रह नव्हते तेव्हाही असा खेळ होता. इंग्लंडातील डार्टमूरच्या माळरानावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एक बाटली ठेवली आणि तेथवर पोचणारे आपले नावाचे कार्ड तिच्यात ठेवू लागले. त्यातूनच खुणांच्या चिठ्ठीवरून पेटी शोधण्याचा छंद वाढला. आपल्या वसाहतीच्या आवारात सुटीच्या दिवशी मुलांना असा खेळ सहज मांडता येईल. पाच डबे, पाच चिठ्ठ्या. अट एवढीच की, वस्तीतला जो मुलगा किंवा जी मुलगी चालू शकत नाही, तिच्यापासून आखणी सुरू करावी. तिला पोचता येईल अशा पाच जागा आधी शोधाव्यात, आणि चिठ्ठ्या लिहिण्याच्या कामात तिलाच मुख्य करावे. बाकीच्या मुलांना त्या जागा आपोआपच पोचण्याजोग्या असतात.

शेवटी आमच्या दुसऱ्या रविवारची हकीकत सांगून थांबतो. पहिल्या फजितीनंतर भाच्याने नुसता आकडा पाहणे सोडले. चित्रखुणा पाहिल्या, आधीच्या शोधणाऱ्यांच्या ओळी वाचल्या आणि एका सपाट फिरायच्या रस्त्यावरची डबी निवडली. वाटेचा आकडा १, डोक्याचा ४. कोडे आकड्यांचे होते. ते बहिणीने हातात घेतले. तीन संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता तिने वहीची चार पाने भरली. मी हिशेबातला माणूस असून माझे उत्तर चुकले, तिचे बरोबर आले.

रविवारी आम्ही गेलो. एकही पायरी नव्हती. बाण एका बाकापाशी थांबला. बहीण बाकावर बसली, कुबडी शेजारी टेकवली आणि बाकाच्या खालच्या बाजूने हात फिरवू लागली. मी आणि भाचा उभेच होतो. थोड्या वेळाने तिचा हात थांबला. चुंबकाने चिकटवलेली छोटी डबी तिने ओढून काढली, झाकण उघडले, कागद उलगडला आणि माझ्याकडे पेन मागितले.

पेन काढायला मला जरा वेळ लागला. त्या दिवशी सगळ्या पिशव्या माझ्याकडे होत्या.